तोच सिनेमा, नवी डिस्क

एकच सिनेमा चार-चार वेळा बघणाऱ्या माणसांकडे सिनेमाबद्दल सांगण्यासारखं हळूहळू कमी होत जातं आणि एकमेकांबद्दल सांगण्यासारखं वाढत जातं. आमचं तसंच झालंय. कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, आम्हाला गोष्ट आठवायच्या आधी त्या दिवशी कोण कुणावर चिडलं होतं ते आठवतं.

आम्ही म्हणजे पाचजण. बँकेतून रिटायर झालेला श्रीकांत हा म्होरक्या. त्याची बायको वसुधावहिनी. द्वारका चौकात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा फिरोज. त्याच गाळ्यात पूर्वी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. मूळचा हरसूल गावचा आणि आता सातपूरला कारखान्यात असलेला काशिनाथ. आणि मेडिकल स्टोअरवाला मी. रविवारी दुपारी गंगापूर रोडला श्रीकांतच्या हॉलमध्ये पडदे ओढायचे आणि एकाच सिनेमाची जुनी कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे लावून तोच सीन बघत बसायचं. कुठे चेहरा स्वच्छ दिसतो, कुठे रंग उडालेत, कुठे कडा कापल्यात. ऐकायला रटाळ वाटतं. पण एकदा येऊन बसा, चहा गार होईल तरी उठणार नाही.

श्रीकांतचा दावा असा की डिस्कचं कव्हर न बघता तो नुसत्या चित्रावरून सांगू शकतो, डीव्हीडी आहे की ब्लू-रे. वहिनी एकदा म्हणाल्या, "सगळे तोंड फिरवून बसा. मी लावते." एक सीन झाला. मग प्लेअर उघडल्या-मिटल्याचा आवाज आला आणि तोच सीन पुन्हा लागला.

श्रीकांत तर उभाच राहिला. "हा बघा फरक! पहिला डीव्हीडी, हा ब्लू-रे. कातडीचा रंग बघा, सावल्या बघा." आम्हालाही दिसायला लागला. फिरोजला तर भिंतीवरच्या भेगासुद्धा दिसल्या.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही वेळा एकच डिस्क होती. मी नुसतं उघडून बंद केलं."

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. श्रीकांतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "म्हणजे टीव्ही तापला की रंग बदलतो. हे वेगळं तपासायला लागेल."

फिरोजच्या लायब्ररीत एक कॅसेट फार चालायची. तिच्यात डोंगरातलं एक गाणं होतं, जमिनीवर बर्फ आणि वरूनही भुरभुर बर्फ पडतोय असं. फिरोज गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचा, "हीच न्या. बर्फ खराखुरा पडतोय, सेटवरचा नाही." त्या गाण्यासाठी लोक कॅसेट पुन्हा पुन्हा नेत.

त्या सिनेमाची डीव्हीडी मिळाली, तेव्हा फिरोज दुकान लवकर बंद करून आला. गाणं लागलं. लख्ख ऊन, निळं आभाळ, आणि वरून काहीच पडत नाहीये. आम्ही मागे नेऊन पुन्हा बघितलं. काहीच नाही. मग घरातून आणलेली त्याची जुनी कॅसेट लावली, तर भुरभुर सुरू.

फिरोज स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. इतक्या मशीनमधून फिरून फिरून टेप झिजली होती आणि झिजलेल्या जागी पांढरे ठिपके उमटत होते. तो वळून म्हणाला, "यार, हा बर्फ तर द्वारकेला पडला होता."

नंतर पोट धरून हसला तोही तोच. ती कॅसेट आजही त्याने जपून ठेवलीय.

वहिनींचा एक सिनेमा आहे. त्यात म्हातारे वडील खाटेवर जीव सोडतात आणि मुलगी उशिरा पोचते. त्या सीनला वहिनी रडतात. लग्नाआधीपासून रडत आल्यात. स्वतःच्या वडिलांच्या वेळी त्याही उशिरा पोचल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं.

त्याची ब्लू-रे आली. श्रीकांतला उत्साह आवरेना. त्याने नेमक्या त्याच सीनला चित्र मोठं केलं आणि म्हणाला, "हे बघ, व्हीसीडीवर कधी दिसलंच नव्हतं. पोट हलतंय त्यांचं. श्वास चालू आहे."

खरंच चालू होता. चादरीची एक चुणी हळूच वर येत होती, खाली जात होती.

वहिनी उठून पुढे गेल्या, चादरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग बोलव ना तिला लवकर." आणि आत निघून गेल्या.

श्रीकांतने प्लेअर बंद केला. त्यानंतर तो सिनेमा त्या घरात फक्त व्हीसीडीवर लागतो.

श्रीकांतची मुलगी इरा. तिला बघायला मुलगा येणार होता, पुण्याचा, इंजिनीअर. पोहे झाले, ओळखी झाल्या. श्रीकांतला राहवेना. शेजारी शेजारी दोन टीव्ही लावलेलेच होते. त्याने मुलाला विचारलं, "या दोन चित्रांत काही फरक दिसतो?"

मुलाने मनापासून बघितलं. या टीव्हीकडे, त्या टीव्हीकडे. मग म्हणाला, "नाही काका. दोन्ही छान आहेत."

मंडळी गेल्यावर श्रीकांत खुर्चीत कोसळला. "एक व्हीसीडी होती, एक ब्लू-रे! माणसाला डोळे आहेत की नाहीत? इरा, तू विचार कर."

"केला," इरा म्हणाली. "त्याला फरक दिसत नाही. म्हणूनच हो म्हणतेय."

आता हरसूलचं.

काशिनाथच्या जन्माआधी हरसूलच्या आठवडी बाजारात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. बाजाराचा सीन जेमतेम अर्धा मिनिट. त्यात पांढरी टोपी घातलेला, खांद्यावर टोपली घेतलेला एक माणूस जातो. ते काशिनाथचे वडील. वडील गेल्यावर घरी एक रिवाजच पडला. दिवाळीला सगळे जमले की व्हीसीडी लावायची, तिथे थांबवायची आणि नातवंडांना दाखवायचं, "हे तुमचे आजोबा." व्हीसीडीवर चेहरा म्हणजे नुसता तपकिरी डाग. पण चालण्याची ढब वडिलांचीच, असं काशिनाथ सांगायचा.

त्याच सिनेमाची नवी, साफ केलेली डिस्क परदेशात निघाल्याचं फिरोजला कळलं. त्याने ती मागवली. ती आली तेव्हा आम्ही कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. ठरलं की पहिल्यांदा लावायची ती हरसूललाच, काशिनाथच्या आईसमोर. श्रीकांतच्या गाडीत टीव्ही, प्लेअर, वायरी भरल्या आणि सकाळीच निघालो. काशिनाथ रस्ताभर बोलत होता. बाबांचा चेहरा दिसणार, डोळे दिसणार. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो घरात नव्हता.

घर माणसांनी भरलं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाजार आला. टोपीवाला आला. काशिनाथने चित्र थांबवलं.

चेहरा अगदी स्वच्छ होता. रुंद नाक, कपाळावर खोक. काशिनाथ बघत राहिला. ते त्याचे वडील नव्हते.

फिरोजने माझा हात घट्ट धरला होता. मग आईच म्हणाल्या, "तो सोमा हाय. पलीकडच्या पाड्यावरचा."

काशिनाथ वळला. "आई, तुला माहीत होतं?"

"हां."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही लय खूश व्हायचा रे," आई म्हणाल्या. "तुझा बा त्या दिवशी तापानं घरी होता. बाजाराला मीच गेल्ते."

श्रीकांत हळूच पुढे सरकला. जुन्या चौकोनी टीव्हीत बसावं म्हणून व्हीसीडीवर दोन्ही बाजूंचं चित्र कापलेलं असतं. नव्या डिस्कवर पूर्ण रुंदी होती. उजव्या कडेला, आमच्यातल्या कुणीच कधी न बघितलेल्या जागेत, नागलीच्या दाण्यांनी भरलेल्या पाट्यांमागे एक मुलगी उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची. बाजारातली बाकीची सगळी माणसं आपापल्या कामात होती. ती एकटी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती आणि तोंडभर हसत होती.

काशिनाथ तिच्याकडे बघायचा, मग आईकडे, पुन्हा तिच्याकडे. मग आईच्या शेजारी जमिनीवर बसला. "आई, ही तू?"

आई उठून टीव्हीपाशी गेल्या. वाकून नीट बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, इकडं बघायचं नाय म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बघितलं."