थोरलीचा दात

सवती म्हटलं की विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमच्या शेजारच्या दोघींनी मात्र गावाला चघळायला काही ठेवलंच नाही. थोरली केशरबाई, धाकटी रंगुबाई. थोरलीची कूस उजवली नाही, म्हणून तिनेच हिंडून धाकटी शोधली आणि नवऱ्याच्या, गहिनीनाथाच्या, गळ्यात बांधली. वर म्हणायची, "धा गावं हिंडून आनलीया हिला. उगं पहिल्याच दुकानात न्हाई घेतली!"

पाथर्डीच्या बाजारातही हीच तऱ्हा. पेठेतल्या प्रत्येक दुकानी भाव विचारायचा. घासाघीस रंगुबाईने करायची आणि ज्वारीचा दाणा दाताखाली धरायचा केशरबाईने. कोरडा दाणा 'टक्' वाजतो. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला मुका राहतो. दाणा मुका राहिला की थोरली पदर सावरून निघालीच, मग भाव कितीही उतरो.

बहात्तरच्या उन्हाळ्यात थोरली तापाने गेली आणि त्या साली पाऊसही फिरकला नाही. गहिनीनाथ दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. घरी रंगुबाईची दोन लेकरं, थोरलीच्याच मांडीवर वाढलेली. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीने भागेना. दाणा स्वस्त तर हवाच, पण नासका घेतला तर आठवडाभर चुलीवर काय चढवायचं?

मी तिच्याबरोबर बाजाराला जायचे. रंगुबाई पोत्याशी उभी राहून हुज्जत घालायची आणि मग डावा कान जरासा कलता करून गप्प व्हायची. कधी "घाला" म्हणायची, कधी पिशवी उचलून चालू लागायची.

"अगं, दाना चावून तरी बघ," मी वैतागून म्हणाले.

"ती चावतीया की. मला आयकू येतंय."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्या दिवशी छगनशेटचा भाव सगळ्या पेठेत कमी होता. पोत्याभोवती झुंबड. रंगुबाईने कान दिला आणि रिकामी पिशवी घेऊन पुढे निघाली. लेकरं भुकेली आणि हिचे हे नखरे! रागारागाने मीच एक दाणा तोंडात टाकला. दात नुसता रुतला, आवाज नाही. तो थुंकून मी तिच्यामागे धावले. तेव्हापासून मी तिच्या डाव्या बाजूने कधी चालले नाही.

पुढल्या साली पाऊस झाला. घरच्या शेतातल्या शाळू ज्वारीने कणगी भरली. रंगुबाई पहिली मूठ हातात धरून कान देऊन बसली. बसूनच राहिली. दाणा खडखडीत होता, पण काही वाजेना.

"घरचा दाना कशाला तपासंल ती?" म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडली. थोरली गेली तेव्हा बिचारीला रडायलाही सवड मिळाली नव्हती.

बाजाराच्या दिवशी पाहते तर रंगुबाई पिशवी घेऊन माझ्या दारात. पेठेच्या पहिल्याच, छगनशेटच्या दुकानापासून तिने भाव विचारायला सुरुवात केली. छगनशेट हसला. "रंगुबाई, कनगी भरलीया म्हनं. मग भाव कशापायी?"

"तुमी सांगा तर."

त्याने भाव सांगितला. तिने कान कलता केला, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा खुलला.

"व्हय गं, व्हय. पुढलं दुकान बघू," ती म्हणाली, आणि गर्दीतून डाव्या हाताला एका बाईपुरती जागा सोडत निघाली.