बोळाच्या मापाची गाडी

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की शिंपीच. गळ्यात टेप, खिशात खडू. समोर माणूस उभा राहिला की हा आधी त्याचे खांदे बघणार, चेहरा मागाहून. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधून एक बोळ जातो. बोळाच्या टोकाला त्याची मागची पडवी. वर पत्रा, खाली फरशी, आणि मधे दोऱ्यांवर लोकांचे कपडे, कारण वहिनीचा, म्हणजे मास्तरच्या बायकोचा, धुण्या-इस्त्रीचा धंदा तिथंच. एवढ्या जागेत मास्तरला मोटार बांधायची होती.

तीही साधी नाही, हॉट रॉड. जुनी गाडी घ्यायची, छप्पर, मडगार्ड, जे जे वजन खातं ते उतरवायचं आणि उरलेल्या सांगाड्यात दणकट इंजिन बसवायचं. चाकं उघडी, इंजिन उघडं, आवाजाला लाज नाही. तरुणपणी एका शौकिनाच्या गाडीच्या गाद्या शिवायला गेला आणि तसली गाडी बघून आला. तेव्हापासून शर्टाच्या कॉलरी कापता कापता त्याच्या डोक्यात तीच घुमत होती.

वहिनीनं पडवी दिली, पण अट घालून.

"थंडी सरेपर्यंत पडवी तुमची. तोवर गाडी स्वतःच्या इंजिनावर बोळातून बाहेर पडली पाहिजे. ढकललेली चालायची नाही. नाही पडली तर माझा भाऊ टेम्पो आणेल, उचलून भंगारात घालेल, आणि घरात पुन्हा गाडीचं नाव निघणार नाही."

हा भाऊ, म्हणजे मास्तरचा मेहुणा, मोठ्या गॅरेजचा मालक. स्वतः पान्हा कधी धरला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत.

"दाजी," तो म्हणाला, "गाडीला आधी जागा लागते, मग पैसा, मग अक्कल. तुमची सुरुवात कुठून करायची?"

"टेप धर," मास्तर म्हणाला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मास्तरनं आधी अंथरूणच मोजायला घेतलं. बोळाचं माप काढलं ते गिऱ्हाइकाचं काढावं तसं: खाली, मध्ये, वर. मग माझ्या भिंतीवर थाप मारून मला म्हणाला, "तुमच्या भिंतीला पोट सुटलंय."

"बापजाद्यांचं आहे," मी म्हणालो. "कमी व्हायचं नाही."

"नको. मी त्याच्या मापानं शिवतो."

सगळी गाडी त्या पोटाच्या मापानं ठरली. पडवीच्या फरशीवर त्यानं खडूनं अख्खी गाडी आखली. वहिनी झाडू मारायची तर रेघांच्या कडेकडेनं. तोंडानं शिव्या चालू, पण रेघ पुसली नाही.

जागा नव्हती म्हणून सामान कधी आणायचं, याचाही बेत होता. जे शेवटी बसणार ते पडवीत आधी येणार नाही. भंगारवाल्याच्या ट्रकला नवी ताडपत्री शिवून दिली आणि एका छोट्या मोटारीचा सांगाडा घेतला. तो कुशीवर आडवा करून बोळातून आत सरकवला. ठोकरलेल्या व्हॅनचं इंजिन दुकानात, कापायच्या टेबलाखाली. माप द्यायला आलेली माणसं त्यावर पाय ठेवून बूट सोडायची. चाकं पलंगाखाली. कोपऱ्यावरच्या वेल्डरच्या घरचे सगळे पडदे मास्तरनं शिवले, त्या बदल्यात वेल्डरनं मागचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, कापून, आखूड करून, बोळात बसेल असा परत जोडून दिला.

मग त्यानं केली कच्ची शिलाई. सूट शिवायच्या आधी नुसते धावदोरे घालून अंगावर चढवून बघतात, तशी. काठ्यांना गोणपाट शिवून गाडीचं अंग बनवलं, चाकांच्या जागी आसाच्या रुंदीचा वासा आडवा बांधला, आणि पुढं तो, मागं वहिनी, असं ते धूड उचलून बोळातून नेलं. माझ्या भिंतीच्या पोटापाशी दोन्हीकडं बोटभर फट राहिली. गोणपाटाची गाडी गल्लीत पोचली तेव्हा वेल्डर म्हणाला, "मास्तर, हिला पेट्रोलही लागत नाही. हीच ठेवा."

गोणपाट उसवून मास्तरनं ते पत्र्यावर पसरलं, रेघा मारल्या, पत्रा कापला. वेल्डरनं तळ जोडला, बाजू उभ्या केल्या. साखळी बांधून इंजिन आत बसवलं. सुरू केलं तेव्हा पडवीचा पत्रा, गाडीचा पत्रा आणि माझ्या घरातली भांडी, तिन्ही एका सुरात वाजली.

थंडी उतरणीला लागली तेव्हा चाकं पलंगाखालून निघाली. पुढची बसली. मागची बसली, पण फिरेनात. टायर गाडीच्या अंगाला घासत होता. दोन्ही बाजूंना.

वेल्डरनं टेप लावला, मग मास्तरकडं बघितलं. "अंग रुंद झालंय. चाकं बाहेर घेऊ?"

"बाहेर घेतली तर बोळात अडकेल."

"मग झालं कसं? गोणपाट तर बसलं होतं."

मास्तर खाली बसला, तळाच्या पत्र्यावर हात फिरवला आणि कपाळ बडवलं. तळ कापताना दोन्ही कडांना त्यानं माया सोडली होती. शिवणीसाठी कापड जास्तीचं ठेवतात ना, ती. आयुष्यभर हातानं तेच केलं, हाताला काय ठाऊक की खाली पत्रा आहे? आणि वेल्डर बिचारा बरोब्बर कडेला कड लावून जोडत गेला.

बातमी मेहुण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. येऊन त्यानं घासलेला टायर बोटानं चाचपला. "दाजी, बटणं कुठं लावणार तेवढं सांगा. थंडी सरलीच आता, उद्या टेम्पो आणतो."

मास्तर पडवीच्या उंबऱ्यावर बसून खडूचा चुरा करत होता.

वहिनी ओले कपडे खांद्यावर घेऊन उभी. तिनं वाकून तळाखाली बघितलं.

"माया सोडलीत ना?"

"सोडली."

"मग दुमडली का नाही?"

"पत्रा आहे अगं."

"माझ्या घमेल्याची कड काय कापडाची आहे? ती दुमडलेलीच आहे की. शिवणीची रेघ मारली होती का?"

मास्तर उठलाच. रेघ होतीच. तो कापायची रेघ वेगळी मारतो, शिवायची वेगळी. पत्र्यावरही दोन्ही मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच वेल्डरला बोलावलं, बाजू सोडवल्या. रेघेवर लोखंडी पट्टी दाबून धरली आणि तळाची कड हातोडीनं खाली दुमडत नेली, अगदी शर्टाचा घेर दुमडावा तशी. दुमडीवर बाजूचा पत्रा बसवून बोल्ट आवळले. पहाटे सुरू झालेलं काम जेवणवेळेला संपलं. चाक फिरवलं, फिरत राहिलं. इंजिन लावलं तर गाडीच्या पत्र्याची ढोलकी बंद. दुमडीनं अंग असं काही घट्ट केलं की वेल्डर म्हणाला, "आता मी पण फाटकांना माया सोडत जाईन."

तेवढ्यात मेहुणा टेम्पो घेऊन हजर. बोळाच्या तोंडाशी आडवा लावला, दोर खांद्यावर टाकून आत डोकावला.

आतून गाडी येत होती. मास्तर ताठ, गळ्यात टेप. शेजारी वहिनी, मांडीवर इस्त्रीचं गाठोडं, कारण गिऱ्हाइकाकडं पोचवायचंच होतं, मग चालत कशाला जा. मी माझ्या भिंतीच्या पोटाशी उभा राहून बघत होतो. या बाजूला बोटभर फट, त्या बाजूला बोटभर फट. गाडीनं पोट पार केलं, भिंतीचा चुनासुद्धा लागला नाही.

बोळाच्या तोंडाशी मास्तरनं हॉर्न दिला.

"दाजी, थांबा, टेम्पो काढतो," मेहुणा म्हणाला.

गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. अख्ख्या गल्लीभर मेहुणा टेम्पो उलटा नेत होता आणि त्याच्या नाकासमोर ही गाडी गुरगुरत पुढं येत होती. दोन्हीकडं दारात माणसं. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून टाळ्या वाजवल्या. चौकात टेम्पो बाजूला झाला तेव्हा मेहुणा काच खाली करून म्हणाला, "ताई, मला एक चक्कर?"

"दोनच सीटा आहेत रे," वहिनी म्हणाली. "तू दोर गुंडाळ तोवर."

परत आल्यावर मास्तरनं गाडी गल्लीत उभी केली आणि चाचरत विचारलं, "आता ठेवू कुठं? पडवी तर तुझी झाली."

वहिनीनं उघड्या इंजिनावर हात धरून बघितला, शेकोटीवर धरावा तसा.

"घाला आत. दोऱ्या हिच्या वरून बांधते. जाडी पांघरुणं वाळत नव्हती मेली."

मास्तरनं गियर टाकला आणि गाडी उलटी बोळात घातली. भिंतीला तेव्हाही लागली नाही.