दोन सायलेन्सर, दोन माणसं

मंडळी, आज लेकाची दोन सिलिंडरची गाडी बजाजनगरच्या गॅरेजात नेली होती. दोन्हीकडं हवा सारखी जावी म्हणून थ्रॉटल बॉडी जुळवायच्या होत्या. मेकॅनिकनं नळ्या लावल्या, स्क्रीनवर आकडे पाहिले, झालं काम!

मला औरंगपुऱ्यातले आमचे मिस्त्री आठवले.

नामांतराचे दिवस होते. मी आणि भीमराव एकाच कंपनीत, रोज माझ्याच दोन सिलिंडरच्या गाडीवर वाळूजला जायचो. विद्यापीठाच्या नावावरून मी घरात ऐकलेलं काहीबाही त्याला बोललो आणि आमचं बोलणं तुटलं. बसचा भरवसा नव्हता, म्हणून जाणं-येणं तेवढं एकाच गाडीवर राहिलं. दोन महिने मुक्यानं गेलो-आलो.

गाडी अडखळायला लागली. मिस्त्रींनी दोन्ही कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात घातला नि म्हणाले, "दो सायलेन्सर, दो आदमी. हथेली लगाओ. किधर जोर ज्यादा, एक-दूसरे कू बोलो."

आम्ही चाकाच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो. धुराचे ठोके तळहातावर बसत होते.

"माझ्याकडं लई जोर हाय," शेवटी भीमराव बोलला. "तुझ्याकडं?"

"कमी हाय," मी म्हणालो. मग म्हणालो, "चुकलं माझं."

आज हे ऐकून मेकॅनिक हसला. "काका, दोन माणसं कशाला? एकट्याचे दोन हात पुरतात की."

खरंच पुरतात! इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाय.

लगेच भीमरावला फोन लावून हे सांगितलं.

"मला तवाच कळलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर मी आधी बोललो."