तारमास्तरांचा धबधबा

आमच्या यॉटवरच्या इलेक्ट्रिशियनला आम्ही तारमास्तर म्हणायचो. एक तर सगळा जन्म तारांमध्ये गेलेला, आणि दुसरं म्हणजे बोलणं असं, की जणू तार पाठवल्यासारखे शब्दागणिक पैसे पडतात. जेवण आवडलं तरी ‘बरंय’, नाही आवडलं तरी ‘बरंय’. मी इथला स्वयंपाकी. अशा माणसाला रोज वाढायचं म्हणजे माझा जीव मेटाकुटीला यायचा, पण माणूस मनानं निर्मळ होता.

बोटीवर त्यांच्याशी अबोला धरलेला एकच जण, त्यांचा सख्खा मेहुणा. डेकवर कामाला होता. त्याची ताई, म्हणजे मास्तरांची बायको, दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मेहुणा तेव्हा दुसऱ्या बोटीवर होता. मास्तरांनी हॉस्पिटलमधून फोनवर ताई बरी असल्याचं सांगितलं, आणि हा पोचला तो सगळं आटोपल्यावर. तेव्हापासून दोघांत कामापुरता एखादा शब्द, तोही दुसरीकडे बघून. त्या दुपारी मेहुणा बदली होऊन चालला होता. मास्तर सकाळपासून त्याच्या आगेमागे घुटमळत होते, पण तोंड उघडेल तर शपथ.

नेमका त्याच दिवशी स्विमिंग पूलवरचा धबधबा बंद होईना. पूल भरून पाणी डेकवर आलं होतं, पाहुणे यायचे होते आणि कप्तानाचा पारा चढला होता. मेन स्विच पाडला तर अर्ध्या बोटीचा एसी जातो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. वर एक बटण, खाली पंपाच्या खोलीत एक. कुठलंही दाबलं की चालू असलेलं बंद, आणि बंद असलेलं चालू. वरचं बटण पाणी जाऊन अडकलं होतं, ते मास्तरांनी आधीच साफ केलं. मग मेहुण्याला पाण्यावर लक्ष ठेवायला वर उभं करून ते खालच्या बटणानं पंप बंद करायला गेले.

खाली जनरेटरच्या आवाजात पंप चालू की बंद ते कळत नाही. म्हणून वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज यायचा, “बंद.” जरा वेळानं मेहुणा सांगायचा, “चालू.” असं तासभर चाललं. मी डेक पुसता पुसता बघत होतो, आणि मला दिसलं की दर ‘बंद’नंतर मेहुणा वरचं बटण दाबतोय.

मी विचारलं, “तू कशाला दाबतोस?”

“ते सांगतायत ना, बंद कर म्हणून.”

मी कपाळावर हात मारला. मास्तर खाली बटण दाबून विचारत होते, बंद झालं का? वरच्या पन्हळीतलं उरलेलं पाणी पडतच असायचं, तेवढ्यात हा त्या ‘बंद’ला हुकूम समजून बटण दाबायचा आणि पंप पुन्हा चालू करायचा. मी मास्तरांना वर बोलावून दोघांना समोरासमोर हे सांगितलं. मेहुण्याला हसू फुटलं. मग त्यानं बटण दाबलं, आणि धबधबा हळूहळू थांबला.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते तिथेच ओल्या डेकवर बसले.

“फोनवर तू विचारलंस, ताई बरी आहे ना,” ते म्हणाले. “मी ‘आहे’ म्हणालो. बरी आहे असं नाही रे. अजून आहे, लवकर ये, असं म्हणायचं होतं. पुढचं तोंडातून निघालंच नाही. आणि तू फोन ठेवलास.”

मेहुण्याचा चेहरा पडला. मास्तर इतकं सलग बोललेलं मीही कधी ऐकलं नव्हतं.

मेहुण्यानं विचारलं, “ताईनं माझी आठवण काढली होती?”

“दार वाजलं की विचारायची, आला का,” मास्तर म्हणाले. “मी म्हणायचो, येतोय.”

मेहुणा त्यांच्या शेजारी पाण्यातच बसला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला.