मोडायची भाकरी, दुमडायची भाकरी

माझ्या परळच्या खानावळीत बारा गडी जेवायचे, सगळे रत्नागिरीकडचे, गिरणीतले. महिन्याभरात त्यातले सात उठून समोरच्या खानावळीत गेले. विचारलं की एकच उत्तर, "मावशी, भाकरी मोडते." मी साताऱ्याची. आमच्यात भाकरी मोडूनच खातात. मी म्हणायचे, मोडू दे की, मोडायलाच केलीय. शेवटी उरलेल्यांतले पालीचे धोंडूदादा म्हणाले, एकदा गावी माझ्या बायकोकडं, सखूकडं जाऊन तिची भाकरी बघा. खानावळ बुडायला आली होती, मग ताठा कुठला? जावेला चुलीपाशी बसवलं आणि भाऊच्या धक्क्यावर रत्नागिरीची आगबोट गाठली.

तुम्हीही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, समुद्र बरा असतो. डेकवर आधी घोंगडी पसरा, मग शेजाऱ्यांशी भांडा. मला जयगडपर्यंत उलट्या झाल्या. एका बाईनं आमसूल चोखायला दिलं म्हणून वाचले. रत्नागिरीला आगबोट लांब उभी राहते, पडावातून किनाऱ्याला यायचं. लुगडं भिजतंच.

बंदरावर हलीमाबी नावाच्या एक बाई चूल मांडून बसल्या होत्या. तांदळाची पातळ भाकरी, त्यात काटे काढलेला तळलेला बांगडा, हिरवी चटणी, आणि घातली घडी. विटाळबिटाळ मी घरीच ठेवून आले होते. उभ्याउभ्या दोन खाल्ल्या. भाकरी कुठंही फाटली नाही, ते मात्र झोंबलं.

पालीला सर्व्हिस मोटार जाते, पण भरल्याशिवाय सुटत नाही. पुढं बसा, मागं तांबडी धूळ खावी लागते. सखूवहिनींनी घडीत कांदा घालून परतलेली सुकट भरली. शेजारणीनं ओलं खोबरं आणि गूळ, पलीकडच्या घरी वांग्याचं भरीत. आत काय घालावं यावर गावाचं एकमत नाही, घडीवर मात्र आहे.

मग वहिनींनी मला करायला लावली. मी थंड पाण्यात पीठ मळलं, थापली, भाजली, दुमडली. काडकन दोन तुकडे, आणि सुकट माझ्या मांडीवर. वहिनी हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मग आमचं माणूस ही गिरणीत कशी खातं गो? एका हातात धरायची असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांधून नेलेली भाकरी माणसं साच्यापाशी, चालत्या मागाशेजारी, उभ्यानं खात होती, कालवण फडक्यात सांडत होतं, आणि मी हसत होते. वहिनींनी उकड काढायला शिकवलं: पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून झाकायचं, मग गरम असतानाच मळायचं. हात पोळले. चौथी भाकरी दुमडली.

निघताना त्यांनी केळीच्या पानात एक घडी बांधून दिली. शिमग्याला या म्हणावं, एवढाच निरोप.

परळला आल्यावर मी ती घडी आणि माझी ताजी घडी शेजारी ठेवली. धोंडूदादांनी दोन्ही अंगठ्यानं दाबल्या. "ही सखूची," म्हणाले, आणि तिथंच बसून सावकाश खाल्ली. शेवटचा घास बराच वेळ तोंडात होता. माझी फडक्यात बांधून गिरणीत नेली.

संध्याकाळी ते फडकं त्यांनी माझ्यापुढं झटकलं. एक कण पडला नाही. मागं सोडून गेलेल्या सातांपैकी दोघं उभे होते. खेडच्याला आत कुळीथ हवे होते, चिपळूणच्याला खाडीची कोळंबी, आणि दारातच त्यांची जुंपली.

मी म्हटलं, "आतलं तुम्ही भांडून ठरवा. बाहेरचं आता मी बघते."