अपुऱ्या वाक्यांची भिंत

गौरव समितीने मला 'बाईंचे विद्यार्थी या नात्याने' लिहायला सांगितले. ते नाते मला मान्य नाही. मी कोणाच्याच वर्गात बसून शिकलेलो नाही. अक्षर शिकलो ते दुकानांच्या पाट्या न्याहाळून, आणि इंग्रजी शिकलो ते रंगाच्या डब्यांवरच्या सूचना वाचून. श्रीमती मंगल कोंढाळकर यांच्या वर्गात मी गेलो, पण स्टुलावर चढून, हातात ब्रश घेऊन. तेव्हा बाईंच्या साठीनिमित्तचा हा लेख वेल्ह्याच्या दत्ता पेंटरचा समजावा.

आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. विज्ञानासाठी बाई आल्या. राहायला सारोळ्याला. तिथून नसरापूर, नसरापूरला एसटी बदलून वेल्हे. दुसऱ्या वर्षी हेडसरांनी मला वर्गाची भिंत रंगवायला बोलावले आणि मजकूर बाईंना विचारा म्हणाले. बाईंनी सांगितले, ''लिहा, वर्क इज डन व्हेन.'' मी मापे घेतली, ओळ सरळ यावी म्हणून खडूची दोरी मारली आणि विचारले, ''पुढं?''

''पुढं काही नाही. पुढं काळी पट्टी रंगवा, खडूनं लिहिता येईल अशी.''

''बाई, अर्धं वाक्य रंगवून मी कोपऱ्यात माझं नाव कसं टाकू?''

''नाव पूर्ण टाका की. वाक्य मुलं पुरं करतील.''

अशी बरीच वाक्ये झाली. प्रत्येकाची सुरुवात माझ्या ब्रशची आणि शेवट कोरा. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मंडळींनी धरले. ''काय दत्ता, रंग संपला का इंग्लिश संपलं?'' वाक्य पूर्णविरामापर्यंत गेले पाहिजे हे माझे मत होते. आजही आहे.

भिंत मोठी होती आणि वर्ग दुसरीकडे हलवायला खोली नव्हती. त्यामुळे खाली तास आणि वर मी, असे बरेच दिवस चालले. शिकवण्याबद्दल मी इथे जे लिहितो ते त्या स्टुलावरून पाहिलेले आहे, ऐकीव नाही.

बाईंची पहिली गोष्ट नजरेत आली ती त्यांचे गप्प राहणे. प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. इतका वेळ थांबायच्या की, त्या धडा विसरल्या असे मला वाटायचे. एकदा मागच्या बाकावरून एकाने काळजीने विचारलेच, ''बाई, इसरलात का?''

''नाही रे, तुझी वाट बघतेय.''

दुसरी गोष्ट म्हणजे चूक ऐकण्याची पद्धत. 'फाइंड द व्हॉल्यूम ऑफ द बॉक्स' असे वाचून एका मुलाने खोक्याला कान लावला होता. वर्ग हसला. माझाही ब्रश हलला. बाई हसल्या नाहीत. ''बरोबर आहे, मोबाईलच्या आवाजाला हाच शब्द असतो,'' म्हणाल्या. मग खोक्यात तांदूळ ओतून विचारले, ''आता हे किती मावले?'' मावले हा शब्द मुलांच्या तोंडात बसल्यावर मग त्याला व्हॉल्यूम हे नाव दिले. त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी वस्तू हातात द्यायची, मग मुलांचा स्वतःचा शब्द येऊ द्यायचा, आणि शेवटी इंग्रजी. शेवटचा टप्पा मात्र त्या कधी सोडत नसत. मराठीत झकास सांगून खाली बसणाऱ्याला त्या पुन्हा उभे करत. ''कळलं तुला, ते मला कळलं. आता भिंतीवरनं सुरुवात घे आणि इंग्रजीत सांग.'' बाई मवाळ होत्या असे इतर लेखांत कोणी लिहिले असेल, तर ते दुरुस्त करून घ्यावे.

आता सविताबद्दल. ही मुलगी पासलीच्या वरच्या धनगरवस्तीवरून येई. आठवीपासून बाईंच्या वर्गात होती, नववी निम्मी झाली तरी वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. एके दिवशी मी पट्टीला रंगाचा दुसरा हात देत असताना तिचे वडील कोंडीबा दारात येऊन उभे राहिले. घोंगडी खांद्यावर, चपला बाहेर.

''बाई, दाखला द्या. पोरीला घरी न्हेतो.''

''का हो कोंडीबा?''

''हितं येती, बसती, माघारी जाती. काय शिकली इचारलं, तर म्हणती बाई इंग्लिश बोलल्या. मंग? तर म्हणती, मंग घंटा झाली. घरी तिचं त्वांड मिटत न्हाई बाई. हितं पोरगी मुकी झाली. त्यापरीस शेरडं राखंल.''

सविता मान खाली घालून बसली होती. दाखला निघाला असता तर तिची शाळा त्या दिवशीच संपली असती. वस्तीजवळ दुसरी शाळा नाही, आणि घरी बसलेली मुलगी परत येते असे आमच्याकडे सहसा होत नाही. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते, बाईंनाही. त्या म्हणाल्या, ''दाखला हेडसर देतात, मी नाही. पण आलाच आहात तर हा तास बसा.''

''मला काय कळतंय इंग्लिश?''

''म्हणूनच बसा.''

कोंडीबा शेवटच्या बाकावर बसले. धडा 'वर्क'चाच होता. बाईंनी शाळेच्या टाकीवरून पाण्याने भरलेला हंडा आणवला. उचलला आणि म्हणाल्या, ''आय लिफ्ट.'' डोक्यावर धरून वर्गात चालल्या. ''आय वॉक.'' मग, चालताना हंड्यावर वर्क होते का, असे विचारले. सगळे ओरडले, ''येस!'' बाई म्हणाल्या, ''पुस्तक म्हणतं, सपाटीवर चालताना शून्य.''

मागून कोंडीबांचा आवाज आला, ''शून्य? मंग आमच्या बायका रोज काय करत्यात?''

वर्ग खदखदला. बाई म्हणाल्या, ''बरोबर विचारलंत. घरचं काम ते कामच, त्याला कोणी शून्य म्हणत नाही. पण पुस्तकातलं वर्क म्हणजे त्याच नावाचं दुसरं माणूस. या वर्गात संतोष किती?''

''दोन!''

''एकाला हाक मारली की दुसरा येतो का?''

''बाई, दोगं बी येत न्हाईत!''

हसू ओसरल्यावर बाईंनी हंडा खाली ठेवला आणि मराठीत विचारले, ''मग हंड्यावर वर्क होतं तरी कधी?'' आणि थांबल्या. मी ब्रश डब्यात ठेवला, कारण त्याचाही आवाज होत होता. बाई सविताकडे पाहत नव्हत्या, हंड्याकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने खालच्या मानेनेच सविता बोलली.

''उचलून डोक्यावर घेतला तवा. चालताना जोर वर लावतीय, हंडा चाललाय फुडं. मान दुखती, पर हंडा वर जात न्हाई.''

''आणि तुमच्या वस्तीच्या चढाला?''

''चढाला व्हतंय की. हंडा वर चाललाय.''

बाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि भिंतीकडे बोट केले. मला स्टूल बाजूला घ्यावे लागले. माझ्या 'वर्क इज डन व्हेन'च्या पुढे तिने इंग्रजी अक्षरांत लिहिले, 'हंडा गोज अप', आणि तसे वाचूनही दाखवले. आधी हळू, मग बाईंनी न सांगता पुन्हा एकदा, मोठ्याने.

मी बाजूने हळूच म्हणालो, ''बाई, हंड्याच्या आधी 'द' पाहिजे. आणि हंड्याला पॉट म्हणतात.''

''पॉट म्हटलं की तो तिच्या डोक्यावरून उतरतो, पेंटर. आणि आज हंडा वर गेलाय. 'द' उद्या जाईल.''

कोंडीबा उठले, दारात चपला घातल्या. बाईंनी विचारले, ''दाखल्याचं काय करायचं?''

''ऱ्हाऊ द्या. घरी बोलती तशीच बोलली की,'' एवढे म्हणून ते गेले. ती ओळ पुढे कोणी पुसली नाही. 'द' पुढच्या आठवड्यात आला, सविताने स्वतः, वरच्या बाजूला बारीक अक्षरात घातलेला. सविता दहावी त्याच शाळेतून झाली. आता भोरला कॉलेजात विज्ञान शिकते.

बाईंच्या माणुसकीचे प्रसंग इतर मंडळी लिहितीलच. माझा एकच आहे. शाळेत रंगाऱ्याला चहा व्हरांड्यात मिळतो. पहिल्याच दिवशी बाईंनी शिक्षकांच्या खोलीत खुर्ची ओढून दिली आणि 'दत्ता पेंटर, बसा' म्हणाल्या. काम संपेपर्यंत ती खुर्ची माझी होती. दोष सांगायचा तर बाईंना रंगांतले काही कळत नाही. ओल्या पट्टीवर त्यांनी दोनदा मुलांना लिहू दिले.

निवृत्तीनंतरही बाई आठवड्यातून एकदा एसटी बदलत वेल्ह्याला येतात आणि भिंतीवरच्या ओळी वाचतात. कोणाची ओळ नवी, ते त्यांना लगेच समजते.

समारंभासाठी समितीने फ्लेक्स छापायचे ठरवले होते. ते मी होऊ दिले नाही. फलक हाताने रंगवला आहे. त्यावर एकच ओळ आहे, 'बाई, तुम्ही आम्हाला हव्या आहात, कारण', आणि पुढे फलकाच्या टोकापर्यंत काळी पट्टी. समितीच्या एका सदस्याने विचारले, ''पेंटर, वाक्य राहिलं का?'' राहिलेले नाही, सोडले आहे. खडू खाली ठेवला आहे, अक्षर बेताने काढावे. पट्टी मुद्दाम लांब घेतली आहे. ती भरायला आमच्या मुलांना पुष्कळ वर्षे लागतील, आणि बाईंनी धडधाकट राहून, एसटी बदलत येऊन, तिच्यावरचा शेवटचा शब्द स्वतः वाचला पाहिजे.