शुगर लँड ते फ्रिस्को: सुभाषकाकांना हवा असलेला शब्द

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला एका छोट्या कंपनीत होते. वाचा गेलेल्या रुग्णांसाठी आम्ही बोलणारं यंत्र बनवत होतो. चित्राचं बटण दाबलं की त्यातून शब्द ऐकू यायचा. जे वापरणार, त्यांना आधीच विचारा, असा माझा हट्ट होता. शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाला, "मग एक पेशंट शोध आणि जाऊन ये."

पेशंट ओळखीतलेच निघाले. डॅलसच्या उत्तरेला असलेल्या फ्रिस्कोचे सुभाषकाका, रिटायर्ड इंजिनियर. स्नायूंच्या आजारानं त्यांचे पाय गेले होते, हात आणि आवाजही जायला लागले होते.

शनिवारी सकाळी मी गाडीनं निघाले. ह्यूस्टन ओलांडून आय-४५ हायवे धरायचा आणि सरळ उत्तरेला. साडेचार तास धरा, डॅलसला ट्रॅफिक लागला तर जास्त. शाकाहारी असाल तर डबा न्याच, वाटेत फ्राइजशिवाय फारसं काही मिळायचं नाही. हंट्सविलच्या पुढे पाइनची झाडं विरळ होतात, मग नुसतं करपलेलं गवत. फ्रिस्कोत तेव्हा निम्मी घरं बांधून व्हायची होती.

मंदाकाकूंनी चहा टाकला. काकांनी एका बोटानं सगळी बटणं दाबून पाहिली. पाणी. भूक. दुखतंय. झोप.

"काय कमी आहे, काका?"

"सगळं मागायचंच," ते कष्टानं म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

"बाबा, जस्ट शेक युअर हेड ना," त्यांची मुलगी रूपा म्हणाली.

"मान... किती दिवस हलेल?"

मी तिथंच नवीन बटण केलं आणि काकांच्याच घोगऱ्या आवाजात 'नको' रेकॉर्ड केलं. जेवताना काकूंनी वरणभाताचा आणखी एक चमचा पुढे केला, तेव्हा त्यांनी ते दाबलं. काकूंनी चमचा खाली ठेवला. काका हसले. यंत्र त्यांच्याकडेच ठेवून मी रविवारी परतले.

पुढे काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. काका गेले होते. शेवटी शेवटी गिळता येईना म्हणून डॉक्टरांना पोटात नळी घालायची होती.

"यंत्र पुढे धरून विचारलं, तर 'नको' दाबलं. रूपानं रडत परत विचारायला लावलं. परत तेच. त्यांच्याच आवाजात गं."

"काकू, मी..."

"ते बटण काढू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी लागेल," त्या म्हणाल्या. "पण मला इतक्यात फोन करू नकोस."

ते बटण आमच्या प्रत्येक यंत्रात राहिलं. आय-४५ वरून मी नंतर कितीदा तरी डॅलसला गेले, पुढे फ्रिस्कोकडे मात्र वळले नाही.